न चावणारा साबण

भट्टी विझवली त्याच्या दुसऱ्या दिवशी मुकादम खोल्यांच्या रांगेतून फिरला. अंगाने काटकुळा असल्यामुळे त्याला पाठीमागे सगळे काडीपैलवान म्हणत. चुनभट्टीच्या आतल्या विटा खचल्या होत्या. जुनं अस्तर फोडून काढायचं, नवं लावायचं, ते वाळू द्यायचं, याला अडीच महिने लागणार होते. तेवढे दिवस काम बंद. खोल्या ज्याच्या त्याच्याकडे राहतील, असं त्याने सांगितलं, पण भट्टी पेटेल त्या दिवशी प्रत्येक खोलीतून दोन माणसं कामाला उभी दिसली पाहिजेत. नियम जुनाच होता. भट्टीची खोली भाड्याने मिळत नसे. दोन माणसं कामाला दिली की मिळे, एक कमी पडलं की जाई.

शेवटून तिसऱ्या खोलीपाशी तो जरा जास्त थांबला. तिथे चौघं राहत. म्हातारी सासू, तिचा मुलगा, सून आणि सासूचं शेंडेफळ, सोळा वर्षांची मुलगी. आजवर मुलगा आणि सून अशी दोन माणसं मोजली जात. पण मुलाच्या छातीत चुना बसला होता. दहा पावलं चालला की भिंत धरायचा आणि खोकला संपेपर्यंत तिथेच उभा राहायचा. भट्टी विझण्याआधी तीन आठवडे त्याने अंथरूण धरलं होतं.

मुकादमाने दारातूनच त्याच्याकडे पाहिलं. "याला काही मी माणूस धरत नाही बरं का. राग मानू नका," तो म्हणाला. मग त्याने चुलीपाशी बसलेल्या धाकटीकडे हनुवटी उडवली. "ही आहे की. अंगापिंडाने बरी आहे. पाट्या उचलेल."

सून उंबऱ्यात बसून टाचेच्या भेगांत वितळलेलं मेण भरत होती. मान वर न करता ती म्हणाली, "ती भट्टीवर येणार नाही."

"मग खोली सोडा."

"अडीच महिने आहेत ना अजून."

"आहेत," मुकादम म्हणाला आणि पुढच्या दारावर गेला.

सून या घरात आली तेव्हा धाकटी चार वर्षांची होती. सासू आणि मुलगा दिवसभर भट्टीवर, म्हणून हिची वेणीफणी, दुखणीखुपणी सगळं सुनेनेच केलं. स्वतःला मूल झालं नाही. झालं असतं तरी हिच्यापेक्षा वेगळं काही केलं असतं असं नाही.

भट्टीवर नवीन माणूस आलं की पहिले सहा-सात महिने त्याचे हात सोलून निघत. भाजलेल्या दगडाची कळी फोडायची, तिच्यावर पाणी मारायचं, फसफसणारा चुना फावड्याने ओढायचा, आणि फावड्याने येत नाही तो हाताने खरवडायचा. कातडी जायची, नवी यायची, तीही जायची. मग एक दिवस झोंबणं थांबायचं. त्या दिवशी मुकादम चारचौघांत सांगायचा, हिचा हात तयार झाला, आणि तेव्हापासून पूर्ण मजुरी लागायची. सुनेचा हात वर्षाच्या आत तयार झाला होता. आता ती चुलीवरचं पातेलं फडक्याशिवाय उतरवायची आणि धाकटी ते पाहून तोंड फिरवायची. धाकटी घरी बसून शिंप्याच्या सदऱ्यांना बटणं लावायची. तिची बोटं सुईच्या टोकाने चटकन मागे सरायची. सुनेला ते बघायला आवडायचं.

काम बंद झाल्यावर सून गावात गेली आणि बायकांच्या पार्लरमध्ये झाडलोट करायला लागली. फरशीवरचे केस गोळा करायचे, टॉवेल धुवायचे, आरसे पुसायचे. पार्लरच्या मालकिणीला सगळे ताई म्हणत. ताई तोंडाने फटकळ होत्या, पण कामाचे पैसे ठेवून घेत नसत. सून घरचा साबण फडक्यात गुंडाळून न्यायची, कारण पार्लरच्या साबणाने तिच्या हातांच्या भेगा उलायच्या. तो साबण सासू करायची. तेल तापवायचं, कॉस्टिक सोडा पाण्यात विरघळवायचा, त्याला सासू खार म्हणायची, आणि तो खार तेलात घालून घोटायचं. सासू हे तिच्या आईकडून शिकली होती. भट्टीवरच्या बऱ्याच घरांत पूर्वी तसा साबण होत असे. मग दुकानातला आला आणि लोकांनी सोडून दिलं.

एक दिवस ताईंनी ती वडी हातात घेतली, वास घेतला, बेसिनवर हात धुऊन पाहिले. हात पुसून पुन्हा हाताला हात चोळत बसल्या. मग त्यांनी विचारलं की असा किती करता येईल. आजकाल येणाऱ्या बायका दुकानातलं काही तोंडाला लावायला घाबरतात, हाताने केलेलं मागतात, असं त्या म्हणाल्या. पार्लरच्या मागे एक खोली होती. मोडक्या खुर्च्या, गळकी घमेली आणि जुने पंखे तिच्यात भरले होते. ताईंनी सरळच सांगितलं. साबण दर महिन्याला नेमाने आला आणि बायकांनी पुन्हा मागितला, तर ती खोली राहायला देईन. पण आधी दोन खेपा बघेन, मगच किल्ली.

सून त्या दिवशी घरी आली ती चपला न काढताच आत आली. सासूला सगळं सांगितलं. सासूने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "खुर्च्या कुठे ठेवणार म्हणावं त्यांना. मला एक ठेवा, मोडकी चालेल."

दुसऱ्या दिवसापासून खोलीचा नूर बदलला. अंथरुणं गुंडाळून कोपऱ्यात गेली. फळ्या ठोकून लांबट साचा केला, त्याला आतून कागद लावला. तेलाचं पातेलं मोठं, ते शेजारून आणलं. खाराचं पाणी दाराबाहेर, वारा असेल त्या बाजूला पाठ करून कालवायचं, कारण त्याची वाफ नाकात गेली की मुलाचा खोकला सुरू व्हायचा. सासू मापाला बसायची. तिचं माप म्हणजे एक चेपलेला टिनचा डबा. भरायचा, वरून पट्टी फिरवायची, सपाट करायचा, मग ओतायचा. सून घोटायला बसायची. लाकडी दांड्याने एकाच बाजूने, न थांबता. तेल आधी पातळ, मग खिरीसारखं, मग दांड्यामागे रेघ राहील इतकं घट्ट. खांद्यापासून हात भरून यायचा. सासू म्हणायची, हळू ओत, खार एकदम पडला की माझ्यासारखा उसळतो.

साच्यावर गोणपाट टाकून दोन दिवस ठेवायचं. मग तारेने वड्या कापायच्या आणि वळचणीला फळीवर उभ्या लावायच्या. चार आठवडे. रोज एकेक वडी फिरवायची. चार आठवड्यांनी सासूने एक वडी उचलली, पाण्यात बुडवून सुनेच्या मनगटावर घासली, मग स्वतःच्या, मग मुलाच्या. चावत नाही, असं तिघांनीही सांगितलं. साबण पिकला होता.

धाकटीला यातलं काहीच करू दिलं नव्हतं. तिने एकदा दांडा धरला तर सुनेने तो काढून घेतला. खाराच्या भांड्याजवळ आली तर हाकललं. शेवटी तिला कागदाच्या पट्ट्या दिल्या आणि वळणदार अक्षरात "हाताने केलेला साबण" एवढं लिहायला लावलं. ती म्हणाली, "हात तुमचे आणि नाव माझ्या अक्षराचं." तिचा दादा अंथरुणातून हसला आणि त्या हसण्याचाही खोकला झाला.

पहिली खेप पार्लरच्या काचेच्या कपाटात लागली आणि बारा-तेरा दिवसांत संपली. एक बाई तर दोन वड्या मागायला परत आली. ताईंनी मागच्या खोलीतले पंखे भंगारवाल्याला देऊन टाकले. सुनेने केर काढताना खोलीचं दार ढकलून पाहिलं. खिडकी होती. भिंतीला ओल होती, पण चुना नव्हता.

दुसरी खेप पहिलीच्या दुप्पट हवी होती, आणि भट्टी पेटायच्या आत. ती पहिली खेप पिकत असतानाच घालायला घेतली होती. त्या दिवशी सासूला ताप होता. मुलगा म्हणाला, मला मापाला बसवा. हे छातीचं काम नाही, डोळ्याचं आहे. किती दिवस भिंतीला टेकून बायकोचे दंड बघत बसू. सुनेला बरं वाटलं. त्याने कितीतरी दिवसांनी काहीतरी मागितलं होतं. तिने त्याच्यापुढे डबा, सोडा आणि पाण्याची बादली ठेवली आणि स्वतः तेलाकडे गेली. तो एकेक माप मन लावून भरत होता. तोंडाला फडकं बांधलं होतं, पण डोळे हसत होते.

त्या वड्यांना तीनच आठवडे मिळाले. चौथा थांबायला वेळ नव्हता. वड्यांवर पांढरी भुकटी धरली होती, ती सुनेने फडक्याने पुसून काढली. सासूने वडी भिजवून तिघांच्या मनगटांवर घासली. तिघंही थांबली. काही चावलं नाही. धाकटीने बाही वर करून हात पुढे केला, म्हणाली, माझ्यावर पण बघा. सुनेने तिचा हात बाजूला सारला. "तू पट्ट्या लिही," ती म्हणाली.

दुसरी खेप कपाटात लागली त्याच्या नवव्या दिवशी सून पार्लरमध्ये शिरली तेव्हा दोन बायका खुर्च्यांवर बसल्या होत्या आणि तिसरी उभी होती. उभ्या बाईच्या मानेपासून गालापर्यंत कातडी लाल होऊन सुटली होती, कानाखाली तर पाणी धरलं होतं. ताईंनी कपाटातल्या उरलेल्या वड्या एका घमेल्यात ओतून ठेवल्या होत्या. काही वापरलेल्या परत आल्या होत्या. त्यांना केस चिकटले होते.

ताई ओरडल्या नाहीत. सुनेला बेसिनपाशी बोलावलं आणि वडी हातात देऊन हात धुवायला सांगितलं. सुनेने धुतले.

"चावतं?"

"नाही, ताई."

"नीट घास. दंडापर्यंत."

सुनेने दंडापर्यंत घासलं. फेस कोपरावरून गळून फरशीवर पडत होता. ती फरशी रोज तीच पुसायची. ताईंनी तीच वडी आपल्या मनगटावर फिरवली, आणि मनगट सगळ्यांना दिसेल असं धरून उभ्या राहिल्या. थोड्या वेळाने तिथे गुलाबी पट्टा उठला. ताईंनी नळ सोडून तो धुतला.

"डोळे मीट," त्या सुनेला म्हणाल्या.

सुनेने डोळे मिटले. पार्लरमध्ये पंख्याचा आवाज येत होता. कोणीतरी खुर्चीत हललं. ती वाट बघत उभी राहिली. ताई काहीतरी बोलतील किंवा वडी पुन्हा देतील असं तिला वाटलं. बराच वेळ काही झालं नाही.

"उघड आता."

ताईंच्या हातात केसांना लावायची पिन होती. सुनेच्या तळहातावर, अंगठ्याखाली, आणि मनगटावर पाच-सहा ठिकाणी टोचल्याच्या खुणा होत्या. एका खुणेतून रक्ताचा थेंब आला होता. खुर्चीतली एक बाई आरशातून हे बघत होती, ती खाली बघायला लागली.

"या हातांवर बघून तू साबण विकायला आणलास," ताई म्हणाल्या. "या हातांवर इस्त्री ठेवली तरी तू म्हणशील, गार आहे."

सुनेने ओल्या हातांनीच घमेलं उचललं. ताईंनी तिला दारापर्यंत जाऊ दिलं आणि मग थांबवलं. भाजलेल्या बाईच्या औषधाचं मी बघते, त्या म्हणाल्या. दुसऱ्या कोणी असत्या तर पोलिसांत गेल्या असत्या, हेही म्हणाल्या. साबण वाईट नाही, पहिला होता तसा दाखव. महिना संपायच्या आत आण. पण कोणाच्या तरी कातडीवर लावून बघितलेला आण, आणि कातडी माणसाची हवी.

घरी सुनेने घमेलं खाली ठेवलं आणि काय झालं ते सांगितलं. पिनेचं सांगितलं नाही. सासूने परत आलेल्या वडीचा तुकडा मोडला, चिमटीत चुरला. मग तिने टिनचा डबा मुलापुढे ठेवला आणि त्या दिवशी भरलास तसा भरून दाखव म्हणाली. त्याने भरला. डबा काठापर्यंत आला, तरी तो घालतच राहिला, वर टेकडीसारखी शीग उभी राहीपर्यंत, आणि तिला हाताने थोपटून आकार दिला.

दर मापाला तेवढा खार जास्त पडला होता. भट्टीवर माप असंच भरायचं असे. कळी असो, भुकटी असो, पाटी असो, शीग लावल्याशिवाय माप धरलंच जात नसे. सपाट माप भरणाऱ्याला मुकादम कामचोर म्हणायचा. बावीस वर्षं त्याने तसंच भरलं होतं.

"मला वाटलं, कमी पडायला नको," तो म्हणाला. मग भिंतीकडे वळून पडून राहिला. त्या दिवशी तो जेवला नाही, आणि सुनेनेही आग्रह केला नाही. तिला त्याचा राग आला नव्हता. राग यायला तिला वेळ नव्हता.

भट्टी पेटायला बारा दिवस होते. सासूने उपाय सांगितला. वड्या किसायच्या, पाणी घालून शिजवायच्या आणि खार मरेपर्यंत तेल घालत जायचं. दोघी किसायला बसल्या. वापरलेल्या वड्यांवरचे परक्या बायकांचे केस आधी नखाने काढावे लागले. कीस पातेल्यात गेला. मंद आच, वरचेवर ढवळणं, खाली लागू न देणं. घट्ट पिवळट लगदा फुटत फुटत शिजायचा. तेल थोडं घालायचं, पुन्हा ढवळायचं. पण किती तेल पुरे, हे सांगणार कोण?

सुनेने मनगटावर लावलं, काही कळलं नाही. कळणार नाही हे आता तिला माहीत होतं. मग तिने कमरेला लावून पाहिलं. कपडा आवळून बसतो तिथे चुन्याची धूळ घामात कालवून वर्षानुवर्षं साचलेली होती. तिथली कातडी हातासारखी निबर झालेली नव्हती, ती सोललेली आणि ओली होती. साबण लागल्याबरोबर तिने दात आवळले. मग साधं पाणी लावून पाहिलं. तेही तितकंच झोंबलं. सासूचं तसंच झालं. मुलाला विचारण्यात अर्थ नव्हता, तो काहीही लावलं तरी ठीक आहे म्हणाला असता. रांगेतल्या दुसऱ्या घरांतून तसेच हात आणि तशाच कमरा होत्या. शेजारणीचं तान्हं पोर होतं. सासू त्याच्याबद्दल बोलायला लागली आणि मध्येच गप्प बसली.

तिसऱ्या दिवशी सून सरपण आणायला गेली होती. परत आली तेव्हा धाकटी दाराशी भिंतीला टेकून बसली होती. उजवी बाही खांद्यापर्यंत वर, मनगटाच्या आतल्या बाजूला फेसाचा गोळा, डोळे मिटलेले, ओठ हलत होते. ती आकडे मोजत होती. सासू समोर बसून बघत होती.

सुनेने सरपण टाकलं, तिला ओढत रांजणापाशी नेलं आणि तांब्यामागून तांब्या पाणी ओतलं. फेस गेला. खाली लाल चकती होती, कडेला फुगलेली. सुनेने तिच्या पाठीत धपाटा घातला, मग आणखी एक.

"मार मागाहून," सासू म्हणाली. "एकशेचाळीसपर्यंत पोचली होती. काल रात्रीच्यापेक्षा कमी खार आहे. आणखी तेल लागेल."

"काल रात्री?"

धाकटीने डावा हात मागे लपवला. सुनेने तो पुढे ओढला. तिथेही एक चकती होती, जुनी, मधोमध फोड आलेली.

सून पाण्याचा तांब्या हातात धरून तशीच उभी राहिली. धाकटी म्हणाली, "वहिनी, नाहीतर रोज पाट्याच उचलायच्या ना मला. मग हे काय वाईट." ती रडत नव्हती. हाताकडे बघत फुंकर घालत होती.

सून आत गेली. तिने आच वाढवली, तेल घातलं आणि ढवळायला बसली. संध्याकाळी लगदा गार झाल्यावर तिने त्यातला चमचाभर काढला, भिजवला आणि धाकटीला हाक मारली. या वेळी तिने स्वतः लावला. जुन्या चकतीपासून दोन बोटं वर, जिथे कातडी कोरी होती तिथे. धाकटीने आकडे मोजायला सुरुवात केली. सून तिच्या तोंडाकडे बघत होती. हाताकडे बघून उपयोग नव्हता, तोंड आधी सांगायचं. दोनशेवर भुवई हलली तेव्हा तिने धुऊन काढलं.

पुढचे सात दिवस असेच गेले. तेल, आच, ढवळणं, चमचाभर, हात. धाकटीला आता सदऱ्यांची बटणं लावता येत नव्हती, बाही घासली तरी तिला दुखायचं. मुलगा अंथरुणातून हे बघायचा आणि दर वेळी हाक मारायच्या आधी उठून बाहेर जाऊन बसायचा. सुनेने मनगटापासून कोपरापर्यंत कोरी जागा शोधायची, सापडली की तिथे लावायचं. शेवटच्या दिवशी धाकटीने पाचशेपर्यंत मोजलं आणि डोळे उघडले.

"नाही झोंबत."

"नक्की?"

"नाही झोंबत, वहिनी."

सुनेने आणखी पाचशे मोजायला लावलं.

पार्लरमध्ये ताईंनी नव्या वड्यांची पेटी उघडायच्या आधी धाकटीला पुढे बोलावलं आणि तिचा हात उजेडाला धरला. एकेका चकतीवर बोट ठेवत गेल्या. ही कधीची, ही कधीची. सून दिवस सांगत गेली. शेवटची जागा कोरीच होती, लावल्याची खूण नव्हती. ताईंनी स्वतः साबण भिजवला, तिच्या हातावर लावला आणि एका बाईचे केस कापून होईपर्यंत तिला तसंच बसवून ठेवलं. मग धुतला. कातडी तशीच होती.

"हात छान आहे गं तुझा," ताई म्हणाल्या. त्या मनापासून म्हणाल्या. मग त्यांनी कपाटाच्या खणातून किल्ली काढून सुनेला दिली आणि सांगितलं, दर खेपेला हिला घेऊन यायचं. हिचा हात बघितल्याशिवाय मी माल ठेवून घेणार नाही.

भट्टी पेटली त्या दिवशी चौघं खोलीतून बाहेर पडली. हातगाडीवर भांडी, साचा, गोणपाटं आणि वर मुलगा बसलेला. मुकादम दोन-दोन माणसं मोजत होता. त्याने यांच्याकडे पाहिलं आणि खोली कोणाला द्यायची ते मागच्या माणसाला सांगितलं. नवीन माणसं गाठोडं घेऊन वाटच बघत होती.

मागच्या खोलीत खिडकीखाली फळ्या लागल्या. माप पुन्हा सासूकडे गेलं, पट्टी फिरवून सपाट. पण ताईंचं मागणं वाढलं होतं आणि तेल दर वेळी एकाच दुकानातलं मिळत नसे. कधी पातळ यायचं, कधी जुनं. त्यामुळे माप बरोबर असूनही लगेच खात्री देता यायची नाही. प्रत्येक साच्यातली पहिली वडी धाकटीच्या हातावर जायची. कधी झोंबायची, कधी नाही. चकत्या बऱ्या व्हायच्या आणि त्यांच्या जागी कातडी जाडसर, चकचकीत यायची.

पाचव्या खेपेला सुनेने वडी भिजवली. हा घाणा तिला कच्चा वाटत होता. वडीवर पांढरी भुकटी धरली होती. तिने धाकटीच्या उजव्या हातावर फेस लावला आणि तिच्या तोंडाकडे बघत राहिली. धाकटी मोजत होती. दोनशे झाले, तीनशे झाले, पाचशे झाले. भुवई हलली नाही.

"झोंबत नाही?"

"नाही."

सून वडीकडे बघत राहिली, मग हाताकडे. तिने फेस धुतला. खाली लाल पट्टा हळूहळू उमटत होता. धाकटी त्याच्याकडे बघत होती, जणू तो दुसऱ्या कोणाच्या हातावर होता. सासूने कोपऱ्यातून मान वर केली.

सुनेने तिची दुसरी बाही वर केली. "डावा दे," ती म्हणाली.

डाव्या हाताला, कोपराच्या आत, कोरी जागा होती. सुनेने तिथे फेस लावला आणि यावेळी ती स्वतःच मनात मोजायला लागली. तिचे हात गुडघ्यांवर घट्ट दाबलेले होते. साठ झाले. ऐंशी झाले. नव्वदला धाकटीने ओठ आवळले आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"झोंबतंय, वहिनी."

सुनेचा जीव भांड्यात पडला. तिने हात धुऊन काढला आणि तेल आणायला उठली.